'मूड' नावाची सबब

आपल्या महाविद्यालयात वर्षभरात सर्वांत अधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, याची कोणी मोजदाद केलीच तर रंग, रेषा, आकार हे शब्द फार मागे राहतील आणि पहिला मान 'मूड' या शब्दाला द्यावा लागेल. 'आज मूड नाही', 'मूड आला की एका बैठकीत काढून टाकीन', 'सरांनी सकाळीच मूड घालवला' अशी त्याची नाना रूपे चित्रकला विभागाच्या व्हरांड्यात दिवसभर कानांवर पडतात. या सबबीची खुबी अशी की तिला उत्तर नाही. ताप आला म्हटले तर थर्मामीटर लावता येतो; गावी लग्न आहे म्हटले तर पत्रिका दाखवावी लागते. मूड नाही म्हणणाऱ्याकडे मात्र कोणी दाखला मागत नाही. उलट, ज्याचा मूड वरचेवर जातो तो अधिक अस्सल कलावंत, असा एक समज आपल्यात रूढ आहे. आणि आपल्या अध्यापकांपैकी काहींनी तो (त्यांची क्षमा मागून लिहिते) आपल्या वागण्याने जोपासलाही आहे.

या समजाशी मला भांडायचे आहे. पण त्याआधी चालढकल करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे भाग आहे. ते आळशी असतात, हा घरच्यांचा आरोप मला मान्य नाही. चित्र टाळणाऱ्या माणसाइतका कामसू माणूस शोधून सापडायचा नाही. तो कॅनव्हास ताणतो; एक ताणून भागत नाही म्हणून तीन ताणतो. त्यांवर प्रायमरचा दुसरा हात देतो, वाळला की पॉलिश पेपरने घासतो. पेन्सिलींना टोके काढतो. दिवाळीच्या सुटीत वाळून काठी झालेले ब्रश साबणाच्या पाण्यात भिजवून त्यांना पुन्हा जिवंत करण्याची खटपट करतो. उजेड डावीकडून यावा म्हणून ईझल फिरवतो, मग त्याच्या ईझलसाठी शेजारच्या चौघांना आपापली ईझले फिरवावी लागतात. तेवढ्यात पांढऱ्या रंगाची ट्यूब संपत आल्याचे ध्यानात येते, म्हणून बाजारात जाणे आले. बाजारात गेल्यावर चहा आलाच. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. आणि यातले एकही काम निरुपयोगी नाही. केव्हा तरी ती सगळी करावीच लागतात, म्हणून ती करताना मनाला टोचणीही लागत नाही. संध्याकाळी माणूस थकून घरी जातो आणि आपण दिवसभर काम केले असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते.

मग टाळले काय गेले? टाळला गेला तो पहिला फटकारा. तोपर्यंत चित्र मनात असते आणि मनातल्या चित्राला कोणी नावे ठेवू शकत नाही. त्याची प्रमाणे चुकत नाहीत, त्याचा रंग मातकट होत नाही. पहिला डाग पडला की ते उत्तम चित्र संपते आणि आपल्या हाताला जेवढे येते तेवढे एक दुसरेच चित्र सुरू होते. या दोन चित्रांतले अंतर पाहणे कोणालाही सुखाचे नसते. आजचा दिवस ढकलला तर ते अंतर आज तरी पाहावे लागत नाही, एवढाच चालढकलीचा लाभ. पण तो रोख हातात पडतो. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच अर्थाची मांडणी आहे. माणूस काम पुढे ढकलतो तेव्हा घोटाळा वेळेच्या हिशेबात नसतो. त्या कामाने मनात येणारी नको ती भावना तेवढ्यापुरती टळावी म्हणून तो काम टाळतो, असे ते म्हणतात. म्हणजे 'मूड नाही म्हणून चित्र काढत नाही' हे आपले वाक्य उलटे लावले की खरे होते. चित्र काढत नाही ते मूड सांभाळण्यासाठी.

हे एकदा मान्य केले की इच्छाशक्ती, निर्धार, जिद्द वगैरे शब्दांचा फारसा उपयोग उरत नाही. हे शब्द स्नेहसंमेलनातील पाहुण्यांच्या भाषणात शोभतात. भावनेला निर्धाराने हरवता येते ते एखाद्या दिवशी; रोज उठून तेच युद्ध कोण करणार? मला वाटते, कलावंतांना कामाला लावले ते बहुतेक वेळा त्यांच्या निर्धाराने नव्हे, त्यांच्या साहित्याने आणि त्यांच्या तिथीने.

याचा पुरावा आपल्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. शिल्पकला विभागातील मुलांच्या तोंडी 'मूड' हा शब्द मी क्वचितच ऐकला आहे. ती मुले आपल्याहून सद्गुणी आहेत असे नाही. त्यांच्यापाशी माती आहे. आर्मेचरवर चढवलेली ओली माती म्हणजे घरात बांधलेले जनावर. तिला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागते, ओले फडके गुंडाळावे लागते, वरून प्लॅस्टिक घालून ठेवावे लागते. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस तिच्याकडे पाहिले नाही तर तडे जातात, आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंतचा तुकडा एके सकाळी जमिनीवर पडलेला सापडतो. म्हणून शिल्पकलेचा विद्यार्थी मूड असो वा नसो, निदान पाणी मारायला येतो. फडके सोडले की मूर्ती दिसते. मूर्ती दिसली की नाकपुडीपाशी काहीतरी खटकते. अंगठा आपोआप तिकडे जातो. पाणी मारायला आलेला माणूस दीड तासाने हात धुतो. तैलरंगाचा कॅनव्हास मात्र भिंतीकडे तोंड करून सहा महिने उभा राहील आणि हूं की चूं करणार नाही. आपल्या विभागाचे दुर्दैव असे की आपले साहित्य फार सोशिक आहे.

युरोपात भिंतीवर ओल्या चुन्यात चित्रे काढीत, त्या फ्रेस्को पद्धतीतही असाच जाच होता. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा. तो वाळताना रंग आत धरून ठेवतो. एकदा वाळला की त्या जागी काम करता येत नाही. म्हणून त्या दिवशी जेवढे रंगवून होईल तेवढ्याच भागावर सकाळी गिलावा करीत. इटालियन भाषेत या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचे काम. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रोममधील सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवले ते असे दिवसादिवसांच्या तुकड्यांनी. ज्या अॅडमच्या आकृतीची चित्रे आपल्या इतिहासाच्या वह्यांत चिकटवलेली असतात, ती चार जोर्नातांत झालेली आहे. त्या माणसालाही सबब हवी होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुरुवातीच्या भागावर बुरशी धरली तेव्हा त्याने पोपकडे जाऊन, हे माझे काम नव्हे, मी आधीच सांगितले होते, अशा अर्थाची कुरकुर केली, असे त्याचा समकालीन चरित्रकार कोंदीवी सांगतो. पोपने एक जाणकार पाठवला, चुन्यात पाणी जास्त होत असल्याचे त्याने दाखवून दिले आणि सबब संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिलावा.

लिओनार्दोला हा जाच नको होता. मिलानमधील मठाच्या भोजनगृहात 'शेवटचे भोजन' रंगवताना (साधारण १४९५ ते १४९८) त्याने ओल्या चुन्याची पद्धत सोडली आणि कोरड्या भिंतीवर रंग लावले. कारण त्याला पाहिजे तेव्हा थांबायचे होते, पाहिजे तिथे पुन्हा हात फिरवायचा होता. तेथे त्याला काम करताना पाहिलेल्या बान्देल्लो या लेखकाने लिहून ठेवले आहे की कधी तो सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत खाण्यापिण्याची शुद्ध न ठेवता रंगवीत राही, तर कधी दिवसचे दिवस ब्रशला हात न लावता नुसता चित्रापुढे उभा असे. या स्वातंत्र्याची किंमत भिंतीने दिली. त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले होते, आणि १९९९ साली पुरा झालेला त्या चित्राचा जीर्णोद्धार वीस वर्षांच्या आसपास चालला होता. याच लिओनार्दोने २५ एप्रिल १४८३ रोजी मिलानमधील एका धर्मसंघाशी वेदीवरच्या चित्राचा करार केला होता. मुदत त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरच्या सणाची होती. पैशाचा वाद, दावे, तडजोडी असे करता करता शेवटची रक्कम चुकती झाली ती १५०८ साली. धर्मसंघाचे लोकही काही उदार नव्हते, त्यामुळे सगळा दोष चित्रकाराच्या माथी मारता येत नाही. पण 'मी लिओनार्दोच्या जातीचा' असे म्हणून सबमिशन चुकवणाऱ्या आपल्या मित्रांनी त्या गृहस्थाच्या वह्यांची हजारो पाने तेवढी विसरू नयेत. चित्र थांबले होते तेव्हाही हात थांबलेला नव्हता.

आता तिथीविषयी. रायगड जिल्ह्यातील पेण आणि आसपासच्या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. एका चतुर्थीच्या मूर्ती गेल्या की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाच्या कामाला हात लागतो. डोळ्यांची आखणी हे तेथले सर्वांत नाजूक काम. ते मुरलेल्या हाताकडेच जाते. आखणी करणाऱ्याने 'आज मूड नाही' म्हटले तर काय होईल, असा प्रश्न तेथे विचारूनच पाहावा. भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणासाठी पुढे जात नाही. शेकडो मूर्ती ओळीने डोळ्यांची वाट पाहत असतात, आणि त्यांतली शेवटची मूर्तीही तितक्याच सौम्य नजरेने पाहणारी निघते.

आपल्या मराठी चित्रकारांच्या एका पिढीला दिवाळीने असेच बांधून ठेवले होते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे अंकांची संख्या वाढत गेली, तसतशी मुखपृष्ठांची आणि कथाचित्रांची मागणी वाढली. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६-१९७१) १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला. तेव्हा संपादकही तेच आणि चित्रकारही तेच. उशीर झाला तर तक्रार कोणाकडे करणार? रघुवीर मुळगावकरांची (१९१८-१९७६) कॅलेंडरे आणि मुखपृष्ठे घराघरांत गेली. ब्लॉक करायला, छापायला, बांधायला आणि वसुबारसेच्या आत अंक गावोगावी पोचायला जेवढे दिवस लागतात ते मागे मोजत आले की चित्र कधी हाती पडले पाहिजे ते ठरते. त्यात चित्रकाराच्या मनःस्थितीचा रकाना नसतो. आपल्या विभागात या मंडळींचे नाव निघाले की 'कमर्शियल' असे म्हणून नाक मुरडण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. दलालांची रेषा तिच्या उत्तम क्षणी इतकी सहज वाहते ती ती रोज वाहत होती म्हणूनच, असे मी मानते. उपयोजित कला विभागातील आपल्या मित्रांनी या ओळी व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवण्यास माझी हरकत नाही.

येथे एक आक्षेप येणार हे मी जाणून आहे, आणि तो आला पाहिजे. चित्रकला हा मूर्तींचा कारखाना नव्हे, गायतोंड्यांचे काय? नागपुरात जन्मलेले, जे. जे. मधून १९४८ साली पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) वर्षाला पाच-सहा चित्रांच्या पलीकडे क्वचितच जात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, ते चित्रांची संख्या पाहून नव्हे. सेझाँचेही तसेच. व्होलार या चित्रव्यापाऱ्याचे व्यक्तिचित्र तो १८९९ साली काढीत होता, तेव्हा व्होलारला स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे ११५ वेळा बसावे लागले. हातावर दोन ठिपक्यांएवढी जागा कोरी राहिली होती, ती का भरत नाही असे विचारल्यावर सेझाँ म्हणाला की तेथे अंदाजाने काही लावले तर त्या जागेपासून सारे चित्र पुन्हा रंगवावे लागेल. तरीही चित्र अपुरेच राहिले.

या दोघांना चालढकल करणारे म्हणणारा माणूस चित्रकलेच्या वर्गात बसण्यास नालायक आहे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या आड येतो असे मला वाटत नाही. ११५ वेळा बसवणे म्हणजे ११५ वेळा ईझलपुढे उभे राहणे. गायतोंड्यांचे थांबणे हे चित्राच्या समोरचे थांबणे होते. रंगाचा एक थर, मग रोलर, मग सुरीने खरवडणे, मग पुन्हा पाहणे, असे ते काम होते. लिओनार्दोसुद्धा ब्रशला हात न लावता उभा राही तो भिंतीपुढे, घरी नव्हे. थांबणे आणि टाळणे यांतला फरक बाहेरून कळत नाही अशी पुष्कळांची तक्रार असते. मला तो अगदी साधा वाटतो. थांबलेला माणूस चित्राकडे पाहत असतो, आणि टाळणारा चित्राशिवाय दुसऱ्या कशाकडेही. तो दुसरे काहीतरी म्हणजे हल्ली बहुतेक वेळा हातातला फोन. घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा नेमका कसा वळतो हे पाहण्यासाठी माणूस फोन उघडतो. पाऊण तासाने तो डोके वर काढतो तेव्हा त्याने दोनशे चित्रे पाहिलेली असतात, त्यांतली चाळीस जपून ठेवलेली असतात आणि घोडा तीन पायांवरच उभा असतो. या संदर्भ जमवण्याला 'अभ्यास' असे नाव आहे, त्यामुळे तो ब्रश धुण्यापेक्षाही अधिक निर्धोक. टांगा स्टँड आपल्या फाटकापासून लांब नाही आणि तेथल्या घोड्यांना चारही पाय आहेत, एवढेच सुचवते.

पण खरा प्रश्न आपण येथे असेपर्यंतचा नाहीच. येथे निदान सबमिशन आहे, हजेरी आहे, ओरडणारे सर आहेत. चार वर्षांनी यांतले काहीच राहत नाही. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली, आपल्याहून चांगली चित्रे काढणारी माणसे शाळेत चित्रकला शिक्षक आहेत, जाहिरात कंपनीत आहेत, फ्लेक्सच्या दुकानात आहेत. त्यांच्यापैकी कोणी भेटले आणि 'सध्या काय चालू आहे?' असे विचारले की 'वेळच मिळत नाही गं' असे उत्तर येते. मग ते आपणहून विषय बदलतात. हे ऐकताना मला भीती वाटते. कारण जगात कोणीही त्यांचे चित्र मागितलेले नाही, आणि ते काढले नाही म्हणून कोणाचे काही अडलेलेही नाही. ज्याची कोणी वाट पाहत नाही ते काम माणसाने कोणत्या बळावर करावे?

नोकरी हे याचे पूर्ण उत्तर नव्हे. नागावचे प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) वीणकर सेवा केंद्रात नोकरी करीत होते. १९६१ पासून आधी वाराणसीत, मग मुंबईत. त्या नोकरीच्या वर्षांतच त्यांची चित्रे घडत गेली. आणि ते लिहीत असत. दिसलेली वस्तू, तिचा आकार, मनात आलेला विचार यांच्या नोंदींनी त्यांच्या डायऱ्या भरलेल्या आहेत. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले तेव्हा त्या लोकांना पाहायला मिळाल्या. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचे मराठी पुस्तक १९९० साली आले. आपल्यापैकी प्रत्येकाने ते वाचावे. ग्रंथालयातली प्रत बरेच दिवस बाहेर आहे, ज्याच्याकडे असेल त्याने ती परत करावी. डायरीला जागा लागत नाही, उजेड लागत नाही, दहा मिनिटे पुरतात. ज्या दिवशी चित्र होत नाही त्या दिवशीही चित्राशी बोलणे चालू राहते.

तरीही सर्वांना बरव्यांचा दाखला देऊन गप्प करणे न्याय्य नाही. जागेचा प्रश्न मुलींना विशेष ठाऊक आहे. लग्न होऊन दोन खोल्यांच्या घरात गेलेल्या मुलीने चित्र काढायचे म्हणजे आधी जेवणाचे टेबल रिकामे करायचे, कागद अंथरायचे, रंग मांडायचे. तासाभराने कुकरची वेळ झाली की ते सगळे गुंडाळून पलंगाखाली सारायचे. मांडण्याला वीस मिनिटे, आवरण्याला वीस मिनिटे, मध्ये उरलेल्या वेळात चित्र. उद्या पुन्हा तेच. अशा घरात चालढकल होते तिला मूडही कारण नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. अर्धे झालेले चित्र जेथे तसेच उभे ठेवता येईल अशी तीन फुटांची भिंत तिच्यापाशी नाही. जाता-येता नजर पडली पाहिजे, पोळ्या लाटता लाटता त्या निळ्याचा राग आला पाहिजे, तर चित्र आपण होऊन माणसाला ओढते. पलंगाखालचे चित्र ओढत नाही. ज्या घरात टीव्हीला भिंत मिळते त्या घरात ईझललाही मिळू शकते. पण ते मागावे लागते, आणि लग्नाआधी मागितलेले बरे.

कोणाला उपायच हवे असतील तर दोन साधे उपाय मी पाहिलेले आहेत. आमच्या वर्गातील एक मुलगी दिवसाचे काम संपवताना मुद्दाम एखादा सोपा तुकडा शिल्लक ठेवते. मागच्या भिंतीचा सपाट रंग, एखाद्या पातेल्याची सावली. दुसऱ्या दिवशी तिला प्रेरणेची गरज पडत नाही, भिंत रंगवायची असते. भिंत होईपर्यंत डोळा चित्रात शिरलेला असतो. दुसरा उपाय हॉस्टेलमधल्या दोघींचा. त्या रोज संध्याकाळी सहा वाजता एस. टी. स्टँडवर जाऊन दहा स्केचेस करतात, आणि एकीने यायचे नाही म्हटले तर दुसरीला एकटीने जावे लागते. एकटीने जाणे दोघींनाही आवडत नाही. शिस्त म्हणतात ती पुष्कळदा इतकीच असते.

मग आपले महाविद्यालय याबाबतीत काय करते? ते वर्षाच्या शेवटी सगळे काम एकदम मागते. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. जूनपासून रोजची करायची स्केचेस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होतात. हॉस्टेलच्या खोल्यांतून रात्रभर दिवे जळतात, एकाच्या वहीवरून दुसऱ्याची वही तयार होते, कोपऱ्यात मागच्या तारखा पडतात. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांची पेने वापरण्याची दक्षताही घेतली जाते. पावसाळ्यातल्या तारखेखाली पळसाला फूल आलेले असते! अध्यापकांना हे कळत नाही असे मानण्याइतकी मी भोळी नाही. शंभर वह्या दोन दिवसांत तपासायच्या म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावे? पण या पद्धतीने आपण चार वर्षे एकच गोष्ट पक्की शिकतो: बाहेरून हाकाटी झाल्याशिवाय हात उचलायचा नाही. हाकाटी बंद झाली की हातही बंद. 'वेळच मिळत नाही' या उत्तराचा पाया आपल्याच इमारतीत घातला जातो, असे मी म्हटले तर ते कोणाला कटू वाटेल, वाटो.

म्हणून येत्या जूनपासून दोन गोष्टी कराव्यात अशी माझी सूचना आहे. पहिली, दर शनिवारी शेवटच्या तासाला प्रत्येकाने त्या आठवड्यात केलेले एक काम व्हरांड्याच्या भिंतीवर टाचणीने लावावे. गुण नाहीत, शेरा नाही, अपुरे असले तरी चालेल. ज्याचे नसेल त्याची जागा रिकामी राहील, बस्स. त्यामुळे अध्यापकांचे काम वाढणार नाही, आणि मार्चमधल्या वह्या तपासताना त्यांना तारखांकडे संशयाने पाहावे लागणार नाही. काही जण म्हणतील की यातून स्पर्धा वाढेल, नकला वाढतील. वाढू देत. रात्री दोन वाजता मित्राच्या वहीवरून केलेल्या नकलेपेक्षा भिंतीवरचे पाहून केलेली नक्कल केव्हाही बरी.

दुसरी सूचना वर्गाविषयी. पेंटिंगचा हॉल सकाळी साडेनऊला उघडतो आणि पाचला बंद होतो. सर्वांत चांगला उत्तरेचा उजेड सकाळी असतो, तेव्हा हॉलला कुलूप असते. तो सात वाजता उघडावा. नळ एकच आहे, तो पुरेल. येणारे फार नसतील. कॉटखाली चित्रे ठेवणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरी भिंत नाही त्यांना दोन-अडीच तास अर्धे चित्र उभे ठेवून त्यापुढे बसता येईल. प्राचार्यांना मी हे तोंडी विचारले आहे. त्यांची ना नाही. अडचण किल्लीची आहे. शिपाईकाकांची ड्यूटी नऊला सुरू होते आणि ते चौदा किलोमीटरवरून सायकलने येतात; त्यांना अडीच तास आधी बोलावणे कोणालाच पटणार नाही. तेव्हा किल्ली आठवड्याच्या पाळीने दोन विद्यार्थ्यांकडे राहावी, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि तिची नोंद वहीत व्हावी, असे ठरत आहे. शंभर पानी वही मी कार्यालयात आणून ठेवली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी एक नाव माझे आहे. दुसरे हवे आहे.